मास्तरच्या मिस्साला गाणार कोण?

क्रुसावर हात ठेवून सांगतो, हे सगळं खरं आहे. अक्षर न् अक्षर! म्हणजे, जेवढ्याला मी हजर होतो तेवढं. बाकीचं पास्कू सुताराकडून ऐकलेलं, आणि पास्कू खोटं बोलत नाय, फक्त कंटाळला की थोडं वाढवतो. तेव्हा हात क्रुसाच्या जवळपास ठेवलाय असं समजा.

आमच्या कॉयरचे, म्हणजे गाणाऱ्या टोळीचे, किस्से साठतात कसे, ते आधी ऐका. शहापुरातून आसनगाव स्टेशनाकडं निघालं की डाव्या हाताला आमचं देऊळ लागतं. हो, आमी किरिस्ताव लोकपण देऊळच म्हणतो. आमची घरं मूठभर. रेल्वेच्या नायतर जंगल खात्याच्या नोकरीसाठी वसईकडून आली आणि इथंच राहिली. फादर कल्याणकडून महिन्यातून एकदा यायचे. मधे कोण मेलं तर जादा यायचे. त्यामुळं कॉयरला खरं गायला मिळायचं ते मयताला.

आणि मयताला काम काय असतं? थांबायचं! फादरसाठी थांबा, पाव्हण्यांसाठी थांबा, खड्डा पुरेसा खोल होईस्तोवर थांबा. थांबलेली माणसं बोलतात. मेणबत्तीखाली मेण साठतं ना, तसे किस्से साठतात.

कॉयर म्हणजे आमी चौघं. जुजे मास्तर मधल्या आवाजात गायचा आणि सगळ्यांना शिव्या द्यायचा. पास्कू सुतार खालचा आवाज. मार्ताबाय, स्टेशनाबाहेर अंडी विकायची, ती वरचा आवाज. आणि मी, इनास, हार्मोनियमवर. मला आवाज नव्हता असं मास्तर म्हणायचा. "तुझ्या गळ्यात देवानं दार बसवलंय, बिजागरी विसरला!"

मास्तरला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. स्वतःच्या मयताला गायनी मिस्सा, म्हणजे फादर वेदीवर करतात ती उपासना, गाण्यासकट. आमच्यात असं असतं, की गाणारे दोघं तरी असले, एकानं म्हणायला आणि एकानं उत्तर द्यायला, तर मिस्सा गायनी होते. नसले तर फादर ओठातल्या ओठात वाचून उरकतात. तिला आमी मुकी मिस्सा म्हणायचो. मास्तरची बायको गेली तेव्हा शहापुरात गाणारं कोणी नव्हतं. मुकी झाली.

"त्या दिवशी आपल्या देवळात माश्या ऐकू येत होत्या रे," मास्तर म्हणायचा.

त्यानंतर त्यानं कॉयर काढला. आपल्याला माश्या नकोत म्हणून.

*

मास्तर धंद्यानं शिंपी. मयताचा कपडापण तोच शिवायचा. गळ्यात टेप कायमची. आजाऱ्याला बघायला गेला तरी टेप काढायला विसरायचा.

आमच्यातला एक जंगल गार्ड तापानं पडला होता. मास्तर आत शिरला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि मान तिरकी करून त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. गार्ड उठून बसला.

"मास्तर, मी बरा आहे!"

"मला ठाऊक आहे रे," मास्तर म्हणाला. "पण तू बारीक झालास."

मागून पास्कू आत आला. आता पास्कू गावातल्या मयतांच्या पेट्या बनवायचा. त्यानं दाराच्या चौकटीला हात लावला, दाराकडं बघितलं, खाटेकडं बघितलं, आणि म्हणाला, "निघंल. थोडी आडवी करावी लागंल."

तो खाटेबद्दल बोलत होता. ती अंगणात उन्हाला टाकायची होती. पण गार्ड त्याच दिवशी कामावर हजर झाला.

*

मग एका वर्षी हिवताप आला. दरवर्षी येतो तसा नाय, बसायलाच आला. पावसाळ्यापासून नाताळपर्यंत आमी एकच गायलो, मयताची मिस्सा. मास्तर कपडा शिवायचा, पास्कू पेटी ठोकायचा आणि मग दोघं हात धुऊन गायला उभे राहायचे. फुल सेट!

एवढं गायलो की बाकीची सगळी गाणी गळ्यातून पुसून गेली. हे आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नाय.

लक्षात आलं ते वाशिंदला, लग्नात! नवरा-नवरी येऊन उभी, फादर तयार, मास्तरनं हात वर केला आणि आमी सुरू झालो. पहिल्याच ओळीला कळलं, की हे मयताचं. मी मास्तरकडं बघितलं. मास्तरनं माझ्याकडं बघितलं. दुसरं काय येतंय तुला? असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. मला काय येणार?

लॅटिन आमच्यात फादर सोडून कोणालाच कळायचं नाय. देवाला कळतं, एवढ्यावर काम चालायचं. मास्तरनं दातातल्या दातात हुकूम सोडला, "फास्ट घ्या!"

आमी फास्ट घेतलं. मयताची सगळी मिस्सा वरातीच्या चालीत! नवरीचा बाप रडला. त्याला एवढं गोड कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं म्हणे. आमाला दुसऱ्यांदा जेवायला बसवलं.

जेवताना फादर मागं येऊन उभे राहिले. गोव्याचे होते, आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, "मास्तर, आज तुम्ही नवऱ्या मुलाच्या आत्म्यासाठी चिरशांती मागितलीत."

मास्तरचा घास हातात राहिला. मार्ताबाय मात्र जेवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मागूंदे की फादर. आता लगीन झालं, पुढं कोण देणार हाय त्याला?"

*

उपासाच्या चाळीस दिवसांत आमच्या देवळात बाजा वाजवत नाहीत. हार्मोनियम झाकून ठेवायची, नुसत्या गळ्यानं गायचं. ईस्टरच्या शनिवारी सकाळी ठरलेल्या जागी घंटा वाजतात, तेव्हा हार्मोनियम उघडायची आणि जोरात सुरू करायचं. त्या एका क्षणासाठी मास्तर चाळीस दिवस जगायचा.

त्या वर्षी घंटा वाजल्या. मी झाकण उघडलं, भाता मारला, बोटं दाबली. आवाज नाय. परत भाता मारला. आतून बारीक चिर्रर्र झालं.

"वाजव!" मास्तर.

"मास्तर, आत उंदरांची पिल्लं आहेत."

"वाजव म्हणतो ना!"

"भाता कुरतडलाय, मास्तर. आतलं कातडं गेलं सगळं."

घंटा वाजून थांबल्या. फादर वळून बघायला लागले. उंदरीण बाहेर आली, हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि उतरली.

मार्ताबाय म्हणाली, "इनासपरीस बरी चालतात गो बोटं हिची!"

हार्मोनियम परत कधी वाजली नाय, मास्तरनं नाइलाजानं मला गायला उभा केला. तेवढ्यात जर्मनची लढाई सुरू झाली, मुंबईहून सामान येईना. पास्कूनं तिचं लाकूड बघितलं आणि म्हणाला, "सागाची हाय. एका लहान पोराची पेटी निघंल."

पुढच्या पावसात निघाली.

*

मुरबाडला अंतोनबाबा म्हणून आमच्यातला एक म्हातारा होता. त्याच्या मुलाचा निरोप आला, बाबा गेले, कॉयर घेऊन या. आमी बैलगाडीनं निघालो. काळू नदीच्या पाण्यात गाडी रुतली, उतरून ढकलली, चौघंही कमरेपर्यंत भिजलो. मुरबाडला पोचतो तर अंतोनबाबा ओट्यावर बसून पेज पितोय!

"बाबा गेले म्हणून सांगितलंस ना रे?" मास्तर मुलावर ओरडला.

"जाणारच आहेत," मुलगा म्हणाला. "वाट लांब म्हणून आदीच निरोप धाडला. गेल्यावर धाडला असता तर तुमी आला असतात तवा वास सुटला असता."

आता परत जाऊन परत कोण येणार? राहिलो. सकाळी म्हाताऱ्याची नाडी बघायची, संध्याकाळी प्रॅक्टिस करायची. अंगणात मयताची मिस्सा, आणि म्हातारा ओट्यावर टेकून ऐकतोय! पास्कूचा खालचा सूर लागला की मान हलवायचा. एका जागी मास्तर चुकला तर म्हातारा म्हणाला, "हे काल बरं झालेलं."

मार्ताबायनं त्याला विचारलं, "बाबा, ठरलं काय? जाताव का ऱ्हाताव? माझी अंडी नासतील."

म्हातारा म्हणाला, "गाणं ऐकून बरं वाटाया लागलं गो. बघतो."

तो राहिला. आमी परत निघालो. गाडीत मार्ताबाय अंगावर गोणपाट घेऊन कुडकुडत होती. नदीत भिजली त्या दिवसापासून तिला ताप होता. तिनं सांगितलाच नव्हता. वरचा आवाज दुसरा कोण लावणार होता?

आठवडाभरात गेली.

तिच्या मयताला आमी तिघं उभे राहिलो. तिच्या आवाजाची जागा आली की मी मधे घुसायला बघायचो. मास्तरनं माझ्या पायावर पाय ठेवला.

"ती तिची जागा आहे. मोकळी राहू दे."

त्यामुळं मिस्सा अशी झाली, की मधेच गाणं थांबायचं, सगळं देऊळ गप्प, आणि मग परत सुरू. फादरना वाटलं, आमी ओळी विसरलो.

मुरबाडहून अंतोनबाबा आला होता. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, चालत, टुणटुणीत! माती टाकून झाल्यावर माझ्याजवळ आला. डोळे पुसले आणि कानात म्हणाला, "गाणं मात्र माझ्या टायमाला चांगलं झालेलं."

*

मग पास्कू गेला. मेला नाय, कल्याणच्या मिल्ट्री कॅम्पात खोकी ठोकायला गेला. इकडं मयताची पेटी करायलापण फळी मिळेना, आणि तिकडं फळ्यांचे ढीग.

जाताना मास्तरनं त्याला थांबवलं. "माझ्या वेळेला येशील ना?"

"सुट्टी दिली तर येईन, मास्तर. मिल्ट्रीत मयताची सुट्टी बापासाठी असते, आईसाठी असते. शिंप्यासाठी नसते."

"मंग बाप सांग."

"तो मेला म्हणून भरतीच्या कागदावर आदीच लिवून झालाय."

मास्तरला तेव्हा खोकला लागला होता. दुकानात बसून काज करायचा आणि मधेच सुई धरून थांबायचा. एकदा मला म्हणाला, "इनास, राहिलो आपण दोघं. मी मेलो की उरलास तू. म्हणणार कोण आणि उत्तर देणार कोण?"

मी म्हटलं, "मी म्हणीन आणि पळत पलीकडं जाऊन उत्तर देईन."

एरवी शिवी दिली असती. त्या दिवशी परत काज करायला लागला. मला बरं नाय वाटलं.

*

मग मास्तरला हरीदादा सापडला. हरीदादा म्हणजे देवळाच्या मागच्या शेताचा कुणबी. भजनी मंडळात पुढं बसून गायचा. हिवतापाच्या साली आमी इतकं गायलो होतो आणि त्याचं शेत इतकं जवळ होतं, की भात लावता लावता मयताची सगळी मिस्सा त्याला पाठ झाली होती. अर्थ त्यालापण कळत नव्हता, म्हणजे आमच्या बरोबरीचाच!

मास्तरनं त्याला बांधावर उभं करून म्हणून घेतलं. आवाज असा, की मास्तर खाली बसला. एकच खोट होती. प्रत्येक ओळ संपली की हरीदादा तिच्यावर एक लांब तान घ्यायचा, भजनात घेतात तशी. लॅटिन संपलं तरी हरीदादा चालूच!

मास्तर त्याला घेऊन फादरांकडं गेला.

फादरनी विचारलं, "याचा बाप्तिस्मा झालेला आहे का?"

"नाय फादर. पण सुरात हाय."

"मास्तर, देवळाच्या आत हा कॉयरमध्ये उभा राहू शकत नाही."

मग मास्तरनं त्याला खिडकीबाहेर उभा केला. आत मी आणि मास्तर म्हणायचो, बाहेरून उत्तर यायचं. तानेसकट. तान सुरू झाली की फादरांचे कान लाल व्हायचे, पण खिडकी बंद करा असं कधी म्हणाले नाहीत. मास्तर खूश! "दोन झाले रे इनास! तू आणि हरी. आता मरायला हरकत नाय."

"आणि ती तान, मास्तर?"

"तेवढी काढतो त्याची. शिकवतो."

शिकवून शिकवून थकला. हरीदादा म्हणायचा, "तान नसली का गाणं उघडं वाटतं हो मास्तर. थंडी लागंल त्याला."

उलट झालं ते वेगळंच. सप्त्यात गाता गाता एकदा हरीदादाच्या तोंडून आमचं लॅटिन निघालं! टाळ थांबले. मी मागं बसलो होतो, मला वाटलं आता ह्याला उठवतात. मंडळाचे म्हातारे बुवा डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "हरी, संस्कृत कधी शिकलास रं? चालू दे!"

मृदुंगावर मयताची मिस्सा झाली. प्रसाद मलापण मिळाला.

*

आता शेवटचा.

मास्तर अंथरुणाला खिळला तो उपासाच्या दिवसांत. मी रोज जायचो. अंथरुणातून माझी प्रॅक्टिस घ्यायचा. स्वतःचीच मिस्सा मला शिकवायचा, आणि मी चुकलो की म्हणायचा, "असं गाशील तर मी उठून बसेन!"

पवित्र आठवडा लागला. फादर येऊन राहिले होते. आता ह्या आठवड्यात आमच्यात एक नियम आहे. गुरुवारपासून ईस्टरपर्यंत मयताची मिस्सा होत नाय. कोणी मेलं तर नुसतं पुरायचं. गाणं नाय, घंटा नाय, घंटेच्या जागी लाकडाची खटखटी. आणि रविवारी ईस्टर, त्या दिवशीपण मयताचं नाय. सरळ सोमवारी.

मंगळवारी मास्तरचा श्वास वाजायला लागला. मला म्हणाला, "आज कोणता वार?"

मी सांगितला. आणि खोटं कशाला बोलू, म्हटलं, "मास्तर, जायचं असंल तर उद्याच्या आत उरका. नायतर सोमवारपर्यंत थांबा."

"आणि मधेच गेलो तर?"

"मधे बंद असतं."

मास्तर हसला. हसताना खोकला आला, खोकून झाल्यावर म्हणाला, "उद्या जमंलसं वाटत नाय. सोमवारपर्यंत ओढतो."

बुधवारी डोळे उघडून विचारलं, "सोमवार?"

"नाय मास्तर."

गुरुवारी विचारलं, "सोमवार?"

"नाय. ओढा अजून."

शुक्रवारी पहाटे विचारलं नाय. गुड फ्रायडेला गेला. वर्षातल्या एवढ्या दिवसांतून तोच!

मी फादरांकडं गेलो. म्हटलं, सोमवारपर्यंत ठेवू. ते म्हणाले, "इनास, बाहेर ऊन बघ." म्हटलं, मग एकच गाणं. ते म्हणाले, "आज मी माझ्या आईलासुद्धा मुकंच पुरलं असतं." आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसत बसले.

दुपारच्या आधी नेलं. पास्कूला सुट्टी मिळाली नव्हती. पेटी दुसऱ्यानं केलेली, एका बाजूला वाकडी. पुढं खटखटी वाजत होती, मागं आमी गप्प. खड्ड्यापाशी फादरनी पुस्तक उघडलं आणि ओठातल्या ओठात वाचायला लागले. खरं सांगतो, माश्या ऐकू येत होत्या.

आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडून हरीदादानं सुरू केलं.

मयताची मिस्सा, पहिल्या ओळीपासून. मास्तरच्या आवाजाची ओळ, मास्तर घ्यायचा तशी, त्याच जागी श्वास घेऊन. सगळे भिंतीकडं बघायला लागले. मी फादरांकडं बघितलं. त्यांचे ओठ थांबले होते, बोट पुस्तकात होतं.

हरीदादा एका ओळीशी येऊन थांबला. पुढची ओळ फादरांची असते. ती झाल्याशिवाय गाणाऱ्यानं पुढं जायचं नसतं, मास्तरनं त्याला तसंच शिकवलं होतं. तो थांबला. आमी थांबलो. खड्डा खणणारे फावड्यावर हात ठेवून थांबले. वारा नव्हता. भिंतीपलीकडून नुसता हरीदादाचा श्वास येत होता.

फादरनी पुस्तक मिटलं. आमच्याकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड केलं, आणि आपली ओळ म्हटली. गाऊन.

पलीकडून उत्तर आलं. परत फादर. परत उत्तर. पार शेवटपर्यंत, सगळी मिस्सा! माती पडेस्तोवर. आणि हरीदादानं एकापण ओळीवर तान घेतली नाय.

संपल्यावर मी भिंतीला वळसा घालून पळत गेलो. हरीदादा डोक्याला टॉवेल गुंडाळत होता.

म्हटलं, "दादा, तान?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग शेताकडं बघितलं. म्हणाला, "पालापाचोळा पेटवून राब भाजायचाय रं. वारा पडलाय तवर उरकतो." आणि गेला.

थोड्या वेळानं देवळामागं त्याच्या शेतातून धूर वर निघाला. सरळ.

...

काय बघताय? उठू नका. एवढं ऐकलंत ते फुकट नाय! रविवारी फादर येणार आहेत आणि कॉयरमध्ये मी एकटा आहे. चला, एकेक जण पुढं या. आ करा.